दोन मिळवून

४ मार्च

दादा,

'तीर्थरूप' लिहू की नुसतं 'दादा', यातच दोन कागद फाडून झाले. तीर्थरूप लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, हिला काहीतरी हवंय. म्हणून नुसतं दादा. तसं हवंय, पण ते पुढे सांगते.

फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास आणि पुन्हा लावायचा मला धीर झाला नसता. पत्राचं तसं नाही. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासून तुला खोडच लागलीय, हाती आलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुला चैन पडत नाही. साबणाचं वेष्टनसुद्धा तू पुरतं वाचून मग फाडतोस. तेव्हा हे पत्र तू धुसफुसत का होईना, पण वाचणार.

बातमी अशी की मी नाव घातलंय. शंभर किलोमीटर. तीच शर्यत, तोच रस्ता, ऑक्टोबरात. ओरडू नकोस. (वहिनी, ओरडायला लागला तर त्याला आधी पाणी दे.) चव्वेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर टेबलाशी उभी राहून हॉस्पिटलचे गणवेश कापते, तिला हे काय सुचलं, असं इकडे सगळ्यांनी विचारून झालंय. तू नवीन काहीतरी विचार.

तू शिकवलंस तशी तीन उद्दिष्टं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत. पहिलं, शंभर किलोमीटर पंधरा तासांच्या आत. दुसरं, अठ्ठ्याहत्तर किलोमीटरवरचं खाण्यापिण्याचं टेबल ओलांडायचं. तिसरं तुझंच आहे, तुझ्याच शब्दांत: दुसऱ्या दिवशी कठड्याला हात न लावता जिना चढायचा. लेकीनं वाचलं आणि म्हणाली, "आई, तिसरं फारच सोपंय." मी म्हटलं, तुझ्या मामानं ते शिकायला एक गुडघा दिलाय, तेव्हा गप्प बस.

आता हवंय ते. आपण पूर्वी करायचो तसा मी पत्राच्या शेवटी आकडा लिहीन. तू नुसता वाच, बाकी काही करू नकोस. कुणाला तरी आकडा सांगितल्याशिवाय पळायची मला भीती वाटते, आणि घरात सांगितला तर दोघं मिळून माझे बूट लपवतील.

मागचं आता सोडून देऊ या. त्या दिवशी मी तुला लागेल असं काही बोलले असेन तर विसरून जा, रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. स्नायू ताणला होता, बरा झाला, सहा वर्षं झाली.

तुझी
भिंगरी

दुखणं: दोन.


२७ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं!

आमच्या ह्यांनी दारातून उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कुणीतरी नुसता चार लिहून पाठवलाय. घर चुकलं असेल." पाठकोऱ्या कार्डावर मधोमध एक '४'. ना नाव, ना 'पत्र मिळालं', ना 'कशी आहेस'. मी ते हातात घेतलं आणि जिन्यातच बसून हसले. मग रडले. हे घाबरून म्हणाले, "चार म्हणजे काय ग? काही वाईट आहे का?"

मग त्यांना आणि लेकीला सगळं समजावून सांगितलं. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे उचलून न्या. पाचाला बसायचं, सहाला थांबायचं. दर टेबलाशी तू विचारायचास, "किती?" आणि मी आकडा सांगायचे. आणि मी म्हणजे पक्की लबाड, म्हणून मी सांगितलेल्या आकड्यात तू दोन मिळवून वहीत लिहायचास. डावीकडे माझा आकडा, उजवीकडे तुझा. लेक म्हणाली, "म्हणजे आई दोन म्हणाली की मामा चार समजणार?" हो. आणि खरंच चार होतं. टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं मी भिंत धरून टाकत होते आणि तुला दोन लिहून कळवलं होतं.

एवढं सगळं ओळखतोस, मग कार्डावर एखादा शब्द लिहायला काय झालं होतं? पण तुझं लहानपणापासून हेच. माझी शाळेची वही तपासायचास तेव्हा चुकांना तेवढा लाल गोल. बरोबर असेल त्या पानावर एक टिंबसुद्धा नाही. दुसऱ्यांचे भाऊ 'छान' लिहायचे. मी तक्रार केली तर म्हणायचास, "छान आहे हे तुला दिसत नाही का?"

तर टाचेसाठी मी आता एका फिजिओबाईंकडे जाते. छोट्या चणीच्या आहेत, आवाज मात्र तीन मजले ऐकू जातो. त्यांनी मला पळवायचं सोडून दात घासताना एका पायावर उभं केलंय. सकाळी डावा, झोपताना उजवा. कारखान्यातही माझं कापायचं टेबल त्यांनी चार बोटं उंच करायला लावलं, कारण मी दिवसभर उजव्या पायावर भार टाकून वाकते असं त्यांचं म्हणणं. मालक कुरकुरला, पण शेवटी टेबलाच्या पायांखाली ठोकळे घातले त्यानं. आता पाठही दुखत नाही. वीस वर्षं मी चुकीच्या उंचीवर कापड कापत होते आणि मला वाटायचं वय झालं.

पळणं असं ठरलंय: तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. हा कमी करायचा आठवडा मला सर्वांत जड जातो, तुला माहीतच आहे.

भिंगरी

दुखणं: तीन.


१९ मे

दादा,

'५' मिळालं. काही बोलत नाही. पाचच होतं.

हे पत्र लिहायला उशीर झाला, कारण मी एक मूर्खपणा केलाय आणि तो तुला सांगू की नको, यात महिना गेला. मागच्या महिन्यात एका रविवारी बत्तीस किलोमीटर ठरले होते. हवा इतकी छान, पाय इतके हलके, की बत्तीसला मी थांबलेच नाही. म्हटलं, आज होतंय तर करून घेऊ. पंचेचाळीस झाले. घरी येताना मी गाणं म्हणत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना नडगीत अशी कळ गेली की हातातली पिशवी खाली, कांदे तीन मजले गडगडत. शेजारच्या आजोबांनी सगळे गोळा करून आणून दिले, वर म्हणाले, "पळणं म्हणतात ते हेच का?"

फिजिओबाईंनी मला अशी झापली की बाहेर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघायला लागले. "बरं वाटत होतं म्हणून जास्त पळाले, हे वाक्य मी रोज ऐकते. बरं वाटतंय तेव्हाच तर थांबायचं असतं. दुखायला लागल्यावर काय, कुणीही थांबेल." मी मनात म्हटलं, कुणीही नाही हो, बाई. तीन आठवडे पळणं बंद. नुसतं पोहणं आणि त्यांची ती रबरी पट्टी पायाला बांधून बाजूला चालणं. लेकीनं खरंच बूट लपवले, धुण्याच्या यंत्रात. ह्यांनी न बघता कपडे टाकून यंत्र लावलं. आता बूट स्वच्छ आहेत आणि आम्ही तिघं एकमेकांशी जरा जपून बोलतो.

बाईंना माझ्या खुब्याची शंका आहे. उजव्या बाजूला ताकद कमी आहे म्हणतात, आणि सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रेचा फोटो आणून दाखवा म्हणून मागे लागल्यात. मी म्हटलं, स्नायूचा कसला आलाय फोटो. त्यांनी माझ्या कागदावर 'फोटो' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. असो. हा विषय इथे कशाला काढला मी?

भिंगरी

दुखणं: दोन. खरंच दोन.


८ जून

दादा,

'४'.

बरं बाबा, चार. 'खरंच' लिहिलं तिथेच मी पकडली गेले, हे कार्ड बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं. तुझ्यासारखा माणूस घरात असता तर मी कधी कुणाला फसवलंच नसतं. आणि घरात नाहीस, तरी आठ दिवसांत तुझा लाल गोल येतोच.

एक मात्र सांगते. कार्ड येतं त्या दिवशी मी घरात गुणगुणत असते. सहा वर्षं तू काहीच नव्हतास. आता निदान एक आकडा आहेस.

नडगी बरी आहे. चालत-पळत सुरू केलंय. आकडा नंतर कळवते, आज लिहायची लाज वाटते.

भिंगरी


१० ऑगस्ट

दादा,

आज सरळ बोलायचं ठरवून बसलेय. हे कारखान्यात वायरिंगचं काम आहे म्हणून गेलेत, लेक मैत्रिणीकडे. घर रिकामं आहे, तेव्हा रडले तरी कुणी पाणी घेऊन धावत येणार नाही.

तो फोटो मी शेवटी नेला. फिजिओबाईंनी खिडकीशी उजेडावर धरला. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला थांबवलं कुणी?"

"भावानं."

"मग तुम्ही त्यांचे आभार कसे मानलेत?"

दादा, मी त्यांना सांगू शकले नाही. तुला सांगते. तुला अर्धं माहीत आहे, पण मला सगळं माझ्या तोंडून म्हणू दे.

अठ्ठ्याहत्तर किलोमीटरचं टेबल. तू संत्री सोलून ठेवली होतीस. तू 'किती' विचारायच्या आतच मी 'दोन' म्हणाले. तिथेच तुला संशय आला असणार, कारण न विचारता मी कधी आकडा सांगत नाही. तू माझी पिशवी उघडलीस आणि तुला गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली. वेदना मारायच्या गोळ्या. पंचावन्नला दोन आणि सत्तरला दोन, तुझ्यापासून लपवून. त्या घेतल्या तर शर्यतीतून बाद, हा नियम मला माहीत होता. आणि दुखणं मारून पळायचं नाही हा तुझा नियमही माहीत होता. तू लंगडत डॉक्टरकडे गेलास, पट्टी त्याच्या हातात दिलीस, आणि त्यानं येऊन माझ्या छातीवरचा क्रमांक काढून घेतला.

मग मी ते बोलले. 'काही लागेल असं बोलले असेन' असं मार्चमध्ये तुला लिहिलं ना, तो शुद्ध खोटेपणा. मला शब्दन् शब्द पाठ आहे. वीस-पंचवीस माणसांसमोर मी ओरडले, "तुझा पाय गेला म्हणून तुला माझाही घालवायचाय." तुझ्या हातात माझ्यासाठी धरलेलं संत्रं होतं. तू ते टेबलावर ठेवलंस, काठी उचललीस आणि गाडीकडे गेलास. सव्विसाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानं पळत राहिलास म्हणून तुझा पाय गेला. माझ्यावर तसा दिवस येऊ नये म्हणून मी पळायला लागल्यावर तू बारा वर्षं दर रविवारी माझ्या मागे वही घेऊन सायकलनं यायचास. आणि त्याच पायावरून मी तुला बोलले.

हे तुला माहीत आहे. आता माहीत नाही ते.

स्नायू ताणला नव्हता. चौथ्या दिवशी मला उभं राहता येईना तेव्हा हॉस्पिटलात नेलं. मांडीच्या हाडाला खुब्याशी तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा-बारा किलोमीटर पळाला असतात तर हाड सरकलं असतं. मग सांधाच बदलावा लागला असता, पळणं तर सोडाच." दहा आठवडे कुबड्या. मी ह्यांना शपथ घातली की तुला आणि वहिनीला कळवायचं नाही, स्नायू ताणलाय एवढंच सांगायचं. हे फार नाराज होते. म्हणाले, "अगं, तो बरोबर होता हे त्याला कळायला नको का?" तेच तर मला नको होतं. तू बरोबर होतास हे कळवलं असतं तर माझ्या त्या वाक्याचं मी काय करणार होते?

म्हणून सहा वर्षं मी तुला असं समजू दिलं की तू एका साध्या ताणलेल्या स्नायूसाठी बहिणीची शर्यत मोडलीस. हे मी त्या वाक्याहूनही वाईट केलं. वाक्य निदान रागात गेलं होतं.

दादा, या पायावर मी सहा वर्षं उभी आहे. रोज आठ तास, टेबलाशी. लेकीला सायकल शिकवताना मी तिच्या मागे अख्खी गल्ली पळालेय, त्या वेळी सुद्धा मला तू आठवला होतास आणि मी मान दुसरीकडे वळवली होती. सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांना उचलून पलंगावरून खुर्चीत ठेवायचे मी. हे सगळं तू मला दिलंस आणि त्याबद्दल माझ्याकडून शिवी खाल्लीस. आता आभार म्हणायचे तर तो शब्द किती तोकडा आहे. पण माझ्याकडे दुसरा नाही. मी तुझी फार फार आभारी आहे. आणि मला माफ कर.

तुझी
भिंगरी

दुखणं: एक. या वेळी दोन मिळवू नकोस.


१४ सप्टेंबर

दादा,

पाच आठवडे झाले. कार्ड नाही.

पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की मी गॅलरीत जाते. त्याला बिचाऱ्याला आता लाज वाटायला लागलीय, लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. ह्यांचं म्हणणं, पत्र गहाळ झालं असेल. नाही झालं, मी पोचपावतीचं पाठवलं होतं. पावतीवर वहिनीची सही आहे.

मला समजतंय. चुकीच्या आकड्यांना उत्तर देणं वेगळं आणि त्या पत्राला उत्तर देणं वेगळं. तू नाही बोललास तरी माझी तक्रार नाही. तक्रार करायला तोंड कुठे आहे मला? जे सांगायचं होतं ते सांगितलं, एवढ्यानंच छातीवरचं ओझं उतरलंय. फक्त रविवारी पळून आले की दाराच्या फटीत काही पांढरं दिसतंय का, एवढं बघायची सवय अजून जात नाही.

काल साठ किलोमीटर झाले. ठरले होते साठ, पळाले साठ. एकसष्टावा कितीही हाका मारत होता, तरी गेले नाही. बाईंनी पहिल्यांदा 'ठीक' म्हटलं. अजून चार आठवडे आहेत आणि आता सगळं कमी कमी करत न्यायचंय. तुला आठवतं, या दिवसांत मी किती चिडकी व्हायचे? लेक म्हणते, आई, शर्यत उद्याच होऊन जाऊ दे.

भिंगरी

दुखणं: एक. विचारलं नाहीस तरी.


१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा,

लॉजच्या खोलीत पलंगावर बसून लिहितेय. पाय उशीवर, उशीवर बर्फ. हे खाली गरम पाण्याची पिशवी मागायला गेलेत, मी बर्फ सांगितलाय तरी.

पहाटे पाचला निघालो. पहिले चाळीस किलोमीटर मी इतकी सावकाश पळाले की एक काका चालत माझ्या पुढे गेले आणि मागे वळून 'सॉरी' म्हणाले. चढाला चालले, उताराला लहान पावलं टाकली, दर अर्ध्या तासाला काहीतरी खाल्लं. तुझं सगळं ऐकलं. पन्नासला हे उभे होते, त्यांनी तुझ्यासारखं 'किती?' विचारायचा प्रयत्न केला, पण लगेच स्वतःच म्हणाले, "फार दुखत नाही ना?" अशानं कसा आकडा येणार? तरी सांगितला. दोन.

अठ्ठ्याहत्तर. टेबल तिथेच आहे रे. त्याच वळणावर, त्याच झाडाखाली, आणि संत्रीसुद्धा. मी उभी राहिले आणि स्वतःलाच मोठ्यानं विचारलं, "किती?" टेबलामागची मुलगी म्हणाली, "कितीही घ्या हो, भरपूर आहेत." मी हसले आणि म्हटलं, तीन. तिनं तीन संत्री दिली. मी एक खाल्लं, दोन खिशात घातली आणि टेबलापलीकडचा अठ्ठ्याहत्तरचा खांब ओलांडला. दुसरं उद्दिष्ट झालं, दादा. सहा वर्षं अडलेलं. खांबापलीकडे गेल्यावर मी पाच-दहा पावलं नाचले, खरंच.

शहाऐंशीला चार. अठ्ठ्याऐंशीला पाच, मी बसले, दहा मिनिटं, नियमाप्रमाणे. उठले तेव्हा पुन्हा चार. वाटलं, जमतंय. एक्क्याण्णवला उजव्या जांघेत, अगदी त्याच जागी, सहा.

वेळ भरपूर होता. नऊ किलोमीटर आणि हातात दोन तास चाळीस मिनिटं. चालत गेले असते तरी पोचले असते. टेबलाशी एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं विचारलं, "सगळं ठीक?" पूर्वीची मी असते तर 'एकदम' म्हणून निघून गेले असते. मी म्हटलं, "माझा आकडा सहा आहे."

"कसला आकडा?"

मग तिला सगळं समजावलं. पाचाला बसायचं, सहाला थांबायचं. तिनं पाय हलवून पाहिला आणि म्हणाली, "तुम्ही हळूहळू चालत जाऊ शकता, मी अडवणार नाही. पण हा नियम कुणाचा?"

"माझ्या दादाचा."

"ते कुठे आहेत?"

"रागावलेत."

आणि मी स्वतःच्या हातानं छातीवरचा क्रमांक काढून तिला दिला. कुणी काढून घेतला नाही, मीच काढला. मग खुर्चीत बसून भरपूर रडले, पण दादा, ते रडणं वेगळं होतं. पहिलं उद्दिष्ट गेलं म्हणून वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू, पोटातून वाईट वाटलं. आणि त्याच वेळी असं वाटत होतं की बारा वर्षं तू जे माझ्या डोक्यात घालत होतास ते आज कुठे आत गेलं. खिशातलं एक संत्रं मी तिथे सोललं. दुसरं तुझ्यासाठी ठेवलंय.

तिसरं उद्दिष्ट अजून बाकी आहे. त्याला जिना लागतो, आणि या लॉजला नुसत्या चार पायऱ्या आहेत. तुझं घर इथून तासाभरावर, चौथा मजला, लिफ्ट नाही. उद्या सकाळी अकराला मी खाली येते. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण वरून बघ, एवढंच मागते. माझा हात कठड्याला लागतो का ते कुणीतरी बघायला हवं.

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही. अकराचं आणि वरून बघायचं ह्यांना वहिनीला फोनवर सांगायला लावते; पत्र बरोबरच घेऊन येते, दाराखालून सरकवीन.

भिंगरी

दुखणं: सहा होतं. आता पाच.


१९ ऑक्टोबर

दादा,

सहा दिवसांपूर्वी भेटून आले आणि तरी पत्र लिहितेय, असं वहिनी म्हणेल. म्हणू दे. समोर असलास की मला नीट बोलता येत नाही, चेष्टाच सुचते.

तुझ्या जिन्याला बहात्तर पायऱ्या आहेत. तू कधी मोजल्या नसशील. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून चढत होते, मागून हे दोन पिशव्या घेऊन, "पडलीस तर माझ्यावर पड" असं पुटपुटत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी वर पाहिलं. तू काठी टेकून उभा होतास. केस सगळे पांढरे झालेत रे तुझे. मला कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या पायरीवर मी पोचले आणि तू सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द बोललास, "किती?"

मी म्हटलं, "चार."

तू आत गेलास. मला वाटलं, झालं, आटोपलं. तर तू ती वही घेऊन आलास, तीच, निळ्या कापडाची, आणि उभ्याउभ्या डावीकडे चार लिहिलंस. उजवीकडे काही लिहिलं नाहीस. मी बघत होते, पेन्सिल उजवीकडे गेलीच नाही.

मग चहा पिताना मी वही ओढून घेतली. मार्च, डावीकडे दोन, उजवीकडे चार. तीन, पाच. दोन, चार. आणि ऑगस्टचा माझा एक, सप्टेंबरचा एक, त्यांच्यासमोर उजवी बाजू कोरी. मी विचारलं, "इथे काही लिहिलं नाहीस?" आणि तू, जसं काही मी शाळेतलीच आहे अशा आवाजात म्हणालास, "बरोबर होतं ना. बरोबर असेल तिथे खूण कशाला करायची?"

"अरे, पण कार्ड?"

"दुरुस्ती असेल तर कार्ड."

दादा, मी तुला त्या वेळी उशी फेकून मारली, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. दोन महिने मी गॅलरीत उभी राहून पोस्टमनचा जीव खाल्ला! वहिनी म्हणाली, "मी म्हणत होते, फोन कर, फोन कर. तर म्हणे, तिला कळेल." काय कळेल? कसं कळेल? कोऱ्या जागेवरून माणसानं काय ओळखायचं? आणि मग आठवलं की शाळेच्या वहीपासून मला ते ओळखता यायला हवं होतं.

मी मागची पानं उलटली ते तुला आवडलं नाही, पण मला ते पान बघायचंच होतं. अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. डावीकडे दोन, उजवीकडे सात. सातापुढे प्रश्नचिन्ह, वेगळ्या शाईत, मागाहून घातलेलं. आणि त्या प्रश्नचिन्हावर लाल पेन्सिलीची ताजी काट. वहिनी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "स्नायूच होता हे कळलं तेव्हा घातलं त्यानं ते. ऑगस्टात तुझं पत्र आलं, त्या दिवशी हा पहिल्यांदा छापखान्यात गेला नाही. दिवसभर गॅलरीत बसून होता. संध्याकाळी म्हणाला, सातच होतं. बस, एवढंच."

माझ्या एका खोट्यापायी तू सहा वर्षं त्या प्रश्नचिन्हासकट राहिलास. मी विचारलंसुद्धा, "आणि ते मी बोलले ते वाक्य?" तू वही चाळलीस, पुढून मागे, मागून पुढे, आणि म्हणालास, "वहीत नाहीये." मग संत्रं सोलायला घेतलंस. अर्धं मला दिलंस.

काल फिजिओबाईंनी नवा फोटो काढवून घेतला. हाड ठणठणीत आहे. जांघेतला स्नायू ताणलाय. खराखुरा, या वेळी! मी विचारलं, "म्हणजे मी नऊ किलोमीटर जाऊ शकले असते?" त्या म्हणाल्या, "कदाचित. पण हे तुम्हाला तिथे कसं कळलं असतं?" मला हळहळ वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. कपाटाच्या दारावरची तीन वाक्यं मी तशीच ठेवलीत. पुढच्या वर्षी पहिल्याकडे पुन्हा बघू, बाईंना विचारून, तुला विचारून. तू टेबलाशी ये. संत्री तिथे असतात, तू फक्त वही आण.

दादा, तुझे किती आभार मानू? सायकलीवरच्या बारा वर्षांचे, डॉक्टरच्या हाती दिलेल्या त्या पट्टीचे, तीन कार्डांचे, आणि न पाठवलेल्या दोन कार्डांचे तर सगळ्यांत जास्त. तू दार उघडून उभा होतास, त्याचे तर मला मोजताच येणार नाहीत.

तुझी
भिंगरी

दुखणं: दोन. कार्ड पाठवू नकोस.